यादीतला १,५०५ वा माणूस: गुन्हेगाराचे प्रोफाइल कसे बनते आणि कुठे फसते

लंडन आणि आसपासच्या रेल्वे स्थानकांजवळ १९८२ पासून एकट्यादुकट्या बायकांवर बलात्कार होत होते. डिसेंबर १९८५ ते मे १९८६ या सहा महिन्यांत तीन खून झाले. पोलिसांनी नोंदीतल्या संशयितांची नावे रक्तगटाच्या चाळणीतून गाळली, तरी यादीत १,९९९ माणसे उरली. जॉन डफी हे नाव त्यात १,५०५ व्या क्रमांकावर होते. ओळीने दिवसाला पाच जण उरकले असते तरी त्याची पाळी यायला दहा महिने लागले असते.

डेव्हिड कँटर या मानसशास्त्रज्ञांनी पोलिसांना १७ मुद्द्यांचा अंदाज, म्हणजे गुन्हेगाराचे प्रोफाइल, लिहून दिला. सुरुवातीचे हल्ले ज्या भागात झाले त्याच भागात, किलबर्नच्या आसपास, हा माणूस राहत असावा. लग्न झालेले, मूल नाही, संसारात कटकटी. अंगाने लहानखुरा. हाताचे काम येणारा आणि रेल्वेची बारीक माहिती असलेला. डफी किलबर्नचा निघाला. रेल्वेत सुतारकाम केलेला होता आणि बायकोशी त्याचे फाटलेले होते. १७ पैकी १३ मुद्दे जुळले. अंदाजाशी ताडल्यावर त्याचे नाव वर आले, मागे पाळत लागली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये तो पकडला गेला.

न्यायालयात मात्र त्याच्यावर उलटली ती सुतळी. एका बळीला बांधायला कागदी पिळाची, बाजारात सहसा न दिसणारी सुतळी वापरली होती. त्याच जातीचे भेंडोळे डफीच्या आईवडिलांच्या घरी मिळाले. शिवाय एका बळीच्या कपड्यांवरचे सूक्ष्म धागे त्याच्या कपड्यांशी जुळले. १७ मुद्द्यांपैकी एकही मुद्दा पुरावा म्हणून उभा राहिला नसता. कोणाच्या घराची झडती आधी घ्यायची, एवढेच त्या मुद्द्यांनी सांगितले.

प्रोफाइलचे काम नेमके एवढेच आहे. यादी मोठी असते, माणसे आणि दिवस कमी असतात, तेव्हा कोणती फाइल आधी उघडायची हे ठरवायला ते मदत करते. इंग्लंडमध्ये गॅरी कॉपसन या पोलीस अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अशा १८४ प्रकरणांचा आढावा घेतला. प्रोफाइलमुळे थेट आरोपी ओळखला गेला अशी प्रकरणे ३ टक्क्यांहूनही कमी निघाली. तरी बहुतेक तपास अधिकाऱ्यांनी सल्ला उपयोगी पडला असे सांगितले, कारण त्यामुळे तपासाला दिशा आली किंवा स्वतःचा अंदाज पुन्हा तपासून पाहता आला. मालिकांमधला चेहरा न्याहाळून गुन्हेगार सांगणारा तज्ज्ञ या आकड्यांत कुठेच बसत नाही.

आधी पंचनामा

प्रोफाइल बांधायला सगळ्यात आधी चांगला पंचनामा लागतो. घरफोडीचे उदाहरण घ्या. ‘कपाटातील सामान अस्ताव्यस्त पडलेले होते’ हे वाक्य आपल्या हजारो पंचनाम्यांत असते आणि त्यातून काहीही कळत नाही. खण खालून वर उघडले की वरून खाली, हे पाहायला हवे. वरचा खण आधी उघडला तर खालचा पाहण्यासाठी वरचा परत ढकलावा लागतो. खालून सुरुवात केली तर एकही खण बंद न करता वर जाता येते. हात बसलेला चोर खालून सुरू करतो. आठ खण असले की या एका सवयीत बराच वेळ वाचतो, आणि ती सवय अनुभवाशिवाय लागत नाही. म्हणजे फोटो काढण्याआधी कोणी खण बंद केले, घरच्यांनी सामान आवरले, की तपासातला एक साक्षीदारच गेला.

अशा आणखी गोष्टी टिपाव्या लागतात. कुलूप तोडले की कोयंडा उचकटला? हत्यार बरोबर आणले होते की स्वयंपाकघरातले उचलले? आणलेले हत्यार तयारीचे लक्षण असते, तिथलेच उचललेले असेल तर बहुधा प्रसंग हाताबाहेर गेलेला असतो. शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या का? किती वेळ आत होता? काय नेले यापेक्षा, काय दिसत असूनही नेले नाही?

बळी पडलेल्या व्यक्तीबद्दलही तितकेच बारकावे हवेत: शेवटच्या २४ तासांतली हालचाल, रोजची वाट, घरात येणारीजाणारी माणसे, दार कोणाला उघडले जाई. बलात्काराच्या तपासात हल्लेखोर जवळ कसा आला (गोड बोलून, दबा धरून की थेट झडप घालून), कोणत्या क्रमाने काय घडले आणि तो नेमके काय बोलला, हे शब्दशः लिहावे लागते. ‘आरोपीने धमकावले’ असा सारांश तपासाच्या उपयोगाचा नाही. तो कुठली बोली बोलत होता, शिव्या कोणत्या दिल्या, माफी मागितली का, हे सगळे त्याच्या शब्दांतच असते. पीडितेला मात्र हे दहा जणांपुढे दहा वेळा सांगायला लावू नये. महिला अधिकाऱ्याने एकदाच, घाई न करता, नीट लिहून घ्यावे. हे माणुसकीचे आहे, आणि तपासाच्याही फायद्याचे आहे, कारण पुन्हा पुन्हा सांगताना मूळ शब्द झिजत जातात.

प्रोफाइल करणाऱ्याला एक गोष्ट मुद्दाम द्यायची नसते: संशयितांची नावे. नाव कानावर पडले की अंदाज त्या माणसाच्या मापाने शिवला जातो.

पद्धत आणि खूण

पुढचा प्रश्न असतो, हे गुन्हे एकाच हाताचे आहेत का? इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगचे पोलीसप्रमुख मेजर अ‍ॅचर्ली यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी गुन्ह्याच्या पद्धतीची दहा कलमी नोंद बसवली. कोणाला लुटले, आत कुठून शिरले, कशाने शिरले, कशासाठी, कधी, चोर स्वतःला काय म्हणवत होता, त्याने कोणती थाप मारली, साथीदार होते का, वाहन कोणते आणि शेवटी एखादी विचित्र खूण. आपल्या गुन्हे शाखेतली मोडस ऑपरेंडी ब्युरो, म्हणजे एमओबी, याच विचारावर चालते.

यातले ‘थाप’ हे कलम फार मोलाचे आहे. ‘आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे तोतया पोलीस महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराला नवे नाहीत. टोपी बदलते, मोटारसायकल बदलते, पण थापेतले शब्द सहसा बदलत नाहीत, कारण ते एकदा कामी आलेले असतात. दोन तालुक्यांतल्या दोन फिर्यादींत तेच वाक्य असेल, तर चेहऱ्याच्या वर्णनापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. अट एवढीच की ठाणे अंमलदाराने ते वाक्य फिर्यादीत जसेच्या तसे उतरवलेले असले पाहिजे.

पद्धत म्हणजे गुन्हा पार पडावा म्हणून केलेली गोष्ट. ती अनुभवाने सुधारते, बदलते. खूण म्हणजे गुन्ह्याला गरज नसताना केलेली गोष्ट, आणि ती जास्त टिकते. पण नेमकी पद्धतही गुन्हे जोडू शकते. पुण्यातली जोशी-अभ्यंकर हत्याकांडे आठवा. ३१ ऑक्टोबर १९७६ ला जोशींच्या घरात तीन आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच खून झाले. दोन्हीकडे नायलॉनची दोरी आणि कुत्र्यांना वास लागू नये म्हणून फवारलेले अत्तर होते. २३ मार्च १९७७ ला आणखी एकाचा खून झाला. तो मृतदेह नदीत लोखंडी शिडीला बांधून टाकलेला होता, आणि तिथेही तीच नायलॉनची दोरी होती. त्या दोरीने गुन्हे एकमेकांना जोडले.

या प्रकरणातून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मारेकरी चार तरुण होते, टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारे. रेकॉर्डवरचे सराईत शोधणाऱ्या जाळ्यात ते सापडणे अवघड होते. पण बळींकडे पाहिले तर दोन टोके त्याच महाविद्यालयाकडे जातात. शेवटचा बळी तिथल्याच मित्राचा भाऊ होता, आणि जानेवारी १९७६ मधला पहिला बळी तिथलाच विद्यार्थी. तो पहिला खून बराच काळ खून म्हणून उघडच झाला नव्हता. मालिकेतला पहिला गुन्हा बहुतेक वेळा ओळखीच्या माणसावर किंवा घराजवळ होतो, तेव्हा हात सराईत नसतो, चुका जास्त होतात. म्हणून तपासात जुन्या ‘बेपत्ता’ नोंदी आणि फसलेले प्रयत्न काढून पाहणे हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

वागण्यावरून माणूस ओळखता येतो का?

इथे विज्ञान डळमळीत आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रोफाइलिंग दोन गृहीतकांवर उभे आहे. एक, तोच माणूस वेगवेगळ्या गुन्ह्यांत साधारण सारखाच वागतो. याला बऱ्यापैकी आधार आहे. दोन, सारखे गुन्हे करणारी माणसे वय, शिक्षण, नोकरी, पूर्वेतिहास याबाबतीतही सारखी असतात. याला आधार फारच कमी आहे. २००२ मध्ये मोक्रोस आणि अ‍ॅलिसन या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १०० बलात्काऱ्यांची माहिती तपासली. ज्यांची गुन्ह्यातली वागणूक सारखी होती त्यांची पार्श्वभूमीही सारखी निघेल, असे काही आढळले नाही.

एफबीआयच्या वर्तनविज्ञान विभागाने क्वांटिको येथे १९७२ पासून हे शास्त्र रुजवले. ‘संघटित’ (योजना आखून करणारे) आणि ‘असंघटित’ (आवेगात करणारे) गुन्हेगार ही त्यांची विभागणी जगभर गाजली. तिचा पाया होता तुरुंगातल्या ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती. सगळे अमेरिकी, सगळे पकडले गेलेले, बोलायला तयार झालेले, आणि स्वतःबद्दल ते जे सांगतील ते. कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १०० मालिका खुनांच्या नोंदींवर ही विभागणी घासून पाहिली, तर असे दोन वेगळे गट दिसलेच नाहीत. बहुतेक गुन्ह्यांत दोन्हींची सरमिसळ असते. ३६ अमेरिकी कैद्यांवरून सांगली किंवा नांदेडच्या खुन्याचे वय सांगणे हा अंदाजसुद्धा म्हणता येणार नाही.

न्यूयॉर्कच्या ‘मॅड बॉम्बर’ची गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४० ते १९५६ या काळात बॉम्ब ठेवणारा माणूस पकडला जाईल तेव्हा डबल ब्रेस्टेड सूटमध्ये, बटणे लावलेला असेल, असे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांनी सांगितले आणि ते खरे ठरले म्हणतात. खरा शोध लावला वीज कंपनीतल्या अ‍ॅलिस केली या कारकून बाईंनी. नुकसानभरपाईच्या जुन्या फाइली चाळताना त्यांना एका जखमी कामगाराच्या पत्रांत बॉम्बरच्या पत्रांतलेच शब्द दिसले. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की पकडला गेला. डॉक्टरांनी छापून आणलेल्या अंदाजात वय ४० ते ५० होते, मेटेस्की ५३ वर्षांचा होता. सूट लक्षात राहिला, फाइली विसरल्या गेल्या.

नकाशा आणि घड्याळ

मनापेक्षा पायाचे गणित जास्त भरवशाचे आहे. माणूस ओळखीच्या वाटांवर गुन्हा करतो. अगदी दारात करत नाही, कारण तिथे ओळखले जाण्याची भीती असते. उगाच फार लांबही जात नाही. व्हँकुव्हरचे पोलीस अधिकारी किम रॉस्मो यांनी हेच तत्त्व संगणकात बसवले. गुन्ह्यांच्या किमान पाच जागा असल्याशिवाय ते गणित चालवू नये, असा दंडक आहे.

साधी रीत कागदावरही करता येते. मालिकेतल्या सर्वांत लांबच्या दोन जागा जोडा आणि ती रेघ व्यास धरून वर्तुळ काढा. कँटर आणि लार्किन यांच्या १९९३ च्या अभ्यासात ४५ पैकी ८७ टक्के लैंगिक गुन्हेगारांचे घर त्या वर्तुळात होते. घरफोडीत हे प्रमाण बरेच घसरते. आणि वर्तुळ केवढे होते तेही बघा. व्यास ६ किलोमीटर असेल तर क्षेत्रफळ २८ चौरस किलोमीटर. मुंबईत चौरस किलोमीटरला २० हजारांहून जास्त माणसे राहतात, म्हणजे साडेपाच लाखांवर लोक आत आले. नुसते वर्तुळ काही कामाचे नाही. नोंदीतली नावे, मोबाइल टॉवरची माहिती, सुटून आलेल्यांची यादी त्यावर ठेवली तरच पाचपन्नास फाइली वर येतात. शिवाय मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, लोकलच्या स्थानकांत मोजावे लागते.

जागेला वेळ जोडला की गणित तीक्ष्ण होते. यॉर्कशरमध्ये १९७५ ते १९८० या काळात १३ बायकांचे खून झाले. शेवटी शेवटी सल्ल्यासाठी बोलावलेले न्यायवैद्यक शास्त्रज्ञ स्टुअर्ट काइंड यांनी सगळ्या जागांचा मध्य काढला आणि प्रत्येक हल्ल्याची वेळही मांडली. तर्क साधा होता. घर लांब असेल तर माणूस लवकर हात उरकून निघतो, जवळ असेल तर उशिरापर्यंत थांबतो. उत्तर ब्रॅडफर्डच्या बाजूला आले. पीटर सटक्लिफ ब्रॅडफर्डमध्येच राहत होता.

आणि जिथे घरच नाही तिथे? रामन राघवने १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत झोपलेल्या लोकांवर हल्ले केले, १९६८ मध्ये पुन्हा सुरुवात केली. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला घराचे वर्तुळ लागू होत नाही. त्याला २७ ऑगस्ट १९६८ ला पकडले ते उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांच्या नजरेने. साक्षीदारांनी केलेले वर्णन त्यांनी डोक्यात ठेवले होते.

चाळणीचे छिद्र चुकते तेव्हा

यॉर्कशरच्या तपासात काइंड यांच्या आधी एक मोठी चूक होऊन गेली होती. जून १९७९ मध्ये पोलिसांना एक टेप आली. बोलणारा स्वतःला खुनी म्हणवत होता आणि त्याची बोली संडरलंडकडची होती. ज्याची बोली ईशान्य इंग्लंडची नाही त्याला वगळा, असा निकष चाळणीत शिरला. सटक्लिफची तपासात नऊ वेळा चौकशी झाली होती. तो ब्रॅडफर्डचा, बोली वेगळी, म्हणून सुटत राहिला. २ जानेवारी १९८१ ला शेफील्डमध्ये गाडीला खोटी नंबरप्लेट होती म्हणून गस्तीच्या पोलिसांनी त्याला धरले. टेप पाठवणाऱ्या भामट्याला २००६ मध्ये शिक्षा झाली.

लंडनच्या विंबल्डन कॉमनवर जुलै १९९२ मध्ये रेचल निकेल या तरुणीचा तिच्या लहान मुलासमोर खून झाला, तेव्हा उलटी चूक झाली. कॉलिन स्टॅग हा माणूस प्रोफाइलमध्ये बसतो असे ठरले. पुरावा नव्हता. मग एका महिला अधिकाऱ्याने नाव बदलून त्याच्याशी पत्रमैत्री केली, त्याने हिंसक कल्पना बोलून दाखवाव्यात म्हणून त्याला महिनोनमहिने चाळवले. त्याने खुनाची कबुली दिली नाहीच. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा फेटाळला, खटला कोसळला. स्टॅग १३ महिने कोठडीत होता. खरा मारेकरी रॉबर्ट नॅपर. दुसऱ्या एका बलात्कार मालिकेत नाव येऊनही तो वर्णनापेक्षा उंच आहे म्हणून त्याला वगळले होते. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याने एका आईचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा खून केला. निकेल प्रकरणात त्याला शिक्षा झाली ती २००८ मध्ये, डीएनएवरून.

म्हणून प्रोफाइलने नाव वर आणता येते, कुणाला यादीतून काढता येत नाही. काढायला डीएनए, बोटांचे ठसे किंवा गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे असल्याची पक्की हजेरीच लागते.

लिहिलेला अंदाज तपासता येण्यासारखा हवा. ‘हा माणूस एकलकोंडा आहे, बायकांबद्दल मनात राग आहे’ हे कोणालाही लागू पडते. २००३ मध्ये अ‍ॅलिसन यांनी पोलिसांच्या दोन गटांना एकच प्रोफाइल दिले आणि ‘खरा आरोपी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या माणसांचे वर्णन दिले. दोन्ही गटांना ते बरेच जुळते असे वाटले. याउलट हे वाक्य पाहा: ‘पहिल्या तीन घटनांच्या दीड किलोमीटरमध्ये राहतो किंवा कामाला आहे; आधार: तीनही वेळा रात्री अकरानंतर पायी आला, पायी गेला; खात्री: मध्यम; खोटे ठरेल कशाने: सीसीटीव्हीत वाहन दिसल्यास.’ प्रत्येक मुद्द्याला असा आधार, खात्री आणि खोडून काढायची अट लिहावी, तारीख घालावी आणि नवा पुरावा आला की नवी प्रत काढावी.

आपल्या कायद्यात प्रोफाइल हा गुन्हा शाबीत करणारा पुरावा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ नुसार आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य सहसा पुराव्यात घेता येत नाही. ‘तो तसलाच आहे’ हे न्यायालयात चालत नाही, मग ते मानसशास्त्राच्या भाषेत लिहिलेले का असेना.

महाराष्ट्रात याबाबत जास्तच जपायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. तरी आजही गावात दरोडा पडला की पारध्यांच्या पालांवर आधी धाड पडते. जात पाहून उचलणे यात गुन्ह्याच्या वागणुकीचा एक कणही नसतो. त्याला प्रोफाइलिंग म्हणणे हा त्या शब्दाचा आणि त्या माणसांचाही अपमान आहे. शिवाय ज्या तासांत पाल उलथेपालथे होते, त्याच तासांत खरा माणूस जिल्हा ओलांडतो.

डफीच्या खटल्याचे एक टोक बराच काळ लोंबत राहिले. सुरुवातीच्या अनेक पीडितांनी हल्लेखोर दोन होते असे सांगितले होते. डफीचा शाळेपासूनचा मित्र डेव्हिड मुल्काही याला पोलिसांनी तेव्हा धरलेही होते आणि पुराव्याअभावी सोडले. डफी पुढे तुरुंगात बोलता झाला, जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळाला आणि २००१ मध्ये मुल्काहीला तीन खुनांसाठी जन्मठेप झाली. मधली सुमारे बारा वर्षे तो लंडनमध्ये मोकळा होता.